फुकटच्या फुटबॉल टिप्सच्या साईटी फॉलो कराव्यात काय? कुणी नीट तपासून बघितलंय?

उद्यमबाग_लेफ्टबॅक:

नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला चार-पाच पोरं हायत, शिफ्ट सुटली की रूमवर जाऊन प्रीमियर लीग, चॅम्पियन्स लीग बघणारी. त्यातली दोघं आता रोज फुकटच्या टिप्सच्या साईटी उघडून बसत्यात. चहाच्या सुट्टीत पहिलं तेच, आज कुणाचं काय दिलंय. होम विन, ओव्हर २.५ (म्हणजे मॅचला तीन किंवा जास्त गोल), दोन्ही टीम गोल मारणार, असलं. एका साईटवर वरच मोठ्ठ्या अक्षरात ८२ टक्के सक्सेस लिहिलंय आणि खाली हिरव्या टिकांची रांग. त्यांचाच टेलिग्राम चॅनल बी हाय, तिथं रोज एक "बँकर", म्हणजे नक्की लागणार म्हणून सांगितलेली टिप, देत्यात आणि शनिवार-रविवारी पाच मॅचची चेन, पाचही लागल्या तरच पैसे.

मला कळत नाय ते हे की फुकट देत्यात तर ह्यांचं पोट कशावर चालतंय? एवढं बरोबर येत असंल तर स्वतःच खेळून टिळकवाडीत बंगला बांधला नसता काय. खरं तो मित्र म्हणतोय बघच तू, मागच्या आठवड्यात सगळं लागलं. मी पैसे लावत नाय, लावायचा विचार बी नाय, खरं ह्या पोरांस्नी सांगायचं तर हातात कायतरी मुद्द्याचं पाहिजे, नुसतं जुगार वाईट म्हटलं की हसत्यात. साईट चांगली का फालतू हे ओळखायचं कसं? आणि आपल्याकडं कर्नाटकात हे कायद्यात बसतंय काय, कुणाला माहीत असंल तर ते पण सांगा.

लेलेग्राउंड_जुना:

अरे बाळा, मी लेले ग्राउंडवर मॅच बघत बघत म्हातारा झालो. समोर खेळणारं पोरगं कुणाचं, काल जेवलं काय, गुडघा कुठला दुखतोय, एवढं सगळं माहीत असून संध्याकाळचा निकाल सांगता येत नाय. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की स्टँडमधला प्रत्येक माणूस छातीठोक सांगत असतोय कोण मारणार, आणि निम्मे तोंड पाडून घरी जात्यात. आणि ही साईट रोज चाळीस मॅचचं सांगणार? फिनलंडच्या दुसऱ्या डिव्हिजनचं, कोरियाच्या लीगचं? कोण बसलंय तिथं बघायला?

२०२२ च्या वर्ल्ड कपला सौदीनं अर्जेंटिनाला २-१ मारलं तेव्हा अर्जेंटिना ३६ मॅच हरलेली नव्हती. त्या दिवशी अर्जेंटिना सोडून दुसरं नाव कुणी दिलं असंल तर मला त्याचे पाय धरायला आवडतील. आणि तीच अर्जेंटिना पुढं कप घेऊन गेली. असला खेळ हाय हा, एका गोलाचा. क्रिकेटमध्ये वाईट ओव्हर भरून काढायला वेळ मिळतोय, हितं एक डिफ्लेक्शन झालं की नव्वद मिनिटांची अक्कल पाण्यात.

त्या साईटींचं प्रिव्ह्यू वाचून बघ एकदा, बारकाईनं. "दोन्ही संघ विजयासाठी उत्सुक असतील, यजमानांना घरच्या मैदानाचा फायदा मिळेल." हे कुठल्या बी मॅचला चालतंय की. नावं बदलायची आणि टाकायचं.

खानापूरचा_आकडेवाला:

काकांचं बरोबर हाय, खरं पोरं म्हणतील अपसेट कधीतरीच होतोय, एरवी तर लागतंय. म्हणून मुद्दा दुसरीकडून धरायला पाहिजे. किती वेळा बरोबर आलं ह्याला एकट्याला काडीची किंमत नाय. बरोबर आलं तेव्हा भाव काय होता ते सांग आधी.

तुझ्या त्या ८२ टक्केवाल्याचंच घे. असल्या साईटी बहुतेक वेळा जड टीम देत्यात, मोठा क्लब घरच्या मैदानावर, समोर तळातली टीम, भाव १.२० च्या आसपास. १.२० म्हणजे १०० लावले आणि जिंकलं तर हातात वरचे २० येणार, हरलं तर पुरे १०० जाणार. आता शंभर मॅच धर, प्रत्येकी १००. ८२ लागल्या, १६४० आले. १८ गेल्या, १८०० गेले. बाकी १६० रुपये खड्ड्यात, आणि साईटवर हिरव्या टिका ८२! खोटं कायच बोलले नाहीत ते. १.२० ला नुसतं बरोबरीत सुटायला ८३.३ टक्के लागतात, १ भागिले १.२० करून बघ मोबाईलवर. उलट एखादा शंभरात ४०च बरोबर सांगणारा असू दे, खरं सरासरी २.७० च्या भावानं, तर त्याचे ६८०० येतात आणि ६००० जातात, ८०० वर. साईटवर मात्र ह्याची लाल फुलीच जास्त दिसणार, ह्याला फॉलो कोण करणार सांग.

जुनी गाडी बघायला गेलास की इंजिन चांगलं आहे का एवढंच विचारून येतोस काय, कितीला देतोय ते पण विचारतोसच. तसं ऑड्स म्हणजे मालाचा भाव. टिप देणारा भावाबद्दल गप्प बसला की तिथंच उठायचं.

दुसरं, भावातच मालकाचा कट असतोय. समज एका मॅचला होम २.१०, ड्रॉ ३.४०, अवे ३.५० लावलंय. प्रत्येकाचं १ भागिले करून टक्के काढ, ४७.६, २९.४, २८.६. बेरीज १०५.६. शंभर यायला पाहिजे होती ना? वरचे साडेपाच त्याचे, मॅच कुणी बी जिंकू दे. म्हणजे टिपवाला नुसता हुशार असून भागत नाय, हा कट फेडून वर काढण्याएवढा हुशार पाहिजे, आणि भाव लावणारी माणसं काय झोपलेली नसतात, त्यांच्याकडं एक्सजीपासून (मिळालेल्या चान्सवरनं किती गोल व्हायला पाहिजे होते तो आकडा) दुखापतीच्या यादीपर्यंत सगळं असतंय.

आणि ती पाच मॅचची चेन. तिथं तर पाच वेळा कट. प्रत्येकी १.५० ची मॅच, पाच जोडल्या की भाव ७.५९ दिसतोय, पोरांचे डोळे तिथंच अडकतात. प्रत्येक मॅचवर ५ टक्के कट धरला तर खरी शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास, पाच वेळा गुणलं की दहाला येऊन बसते. दहात एकदा साडेसात पट. सरासरीनं शंभराचे ७७ परत. टिप्सवाले चेनच का पुढं करतात हे समजलं ना? लागली तर स्क्रीनशॉट वर्षभर फिरवायला होतोय, नाय लागली तर "एका मॅचनं घात केला".

पोट कशावर चालतंय म्हणालास. टिपच्या खालीच "इथे लावा" म्हणून लिंक असते बघ. त्या लिंकवरून तू खातं उघडलंस की साईटला कमिशन. कुठं नवीन खात्यामागे ठराविक रक्कम, कुठं त्या खात्यातून बेटिंग कंपनीला जे सुटलं त्यातला हिस्सा. म्हणजे तुझं जेवढं जाणार त्यातलंच थोडं टिप देणाऱ्याच्या घरात येणार. असल्या माणसाकडनं तू सल्ला घ्यायलास! सगळे मुद्दाम चुकीचं देतात असं मी म्हणत नाय, गरजच नाय त्याची. तू जास्त वेळा लावत राहिलास म्हणजे झालं, म्हणून तर रोज चाळीस मॅच. खरा अभ्यास करणारा आठवड्याला दोन-तीन देईल, कधी देणारच नाय.

उद्यमबाग_लेफ्टबॅक:

दादा हे भारी सांगितलंस, १.२० चं गणित आजच शिफ्टला काढून दाखवतो. खरं एक शंका. समजा एखादी साईट प्रामाणिक हाय, सगळं रेकॉर्ड ठेवलंय, भाव बी लिहिलाय आणि फायद्यात दिसत्या. मग?

खानापूरचा_आकडेवाला:

मग तीन-चार गोष्टी बघायच्या.

टिप मॅचच्या आधी टाकली होती का नंतर, ह्याचा पुरावा कुठं हाय? साईटवरची तारीख त्यांच्याच हातात, टेलिग्रामवरचा मेसेज बी नंतर एडिट होतोय, डिलीट होतोय. हरलेली गायब करायची ही तर ह्या धंद्यातली अगदी साधी हातचलाखी. तपासायचं तर तूच स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, मॅच सुरू व्हायच्या आधी, सगळ्या टिपांचा, आवडलेल्या नाय.

मग भाव. ते म्हणतात २.०० ला दिली. बरोबर हाय, पहाटे कुठंतरी असंल. तू दुपारी उघडलंस तेव्हा १.८५ झालाय, कारण तीच टिप हजारो लोकांनी बघितली किंवा टीम न्यूज आली. शंभरात ५२ लागणारी टिप असू दे, २.०० ला चारशे सुटतात, १.८५ ला ३८० जातात. टिप तीच, माणूस तोच, खरं कागदावर फायदा त्याचा आणि तोटा तुझा. ह्यातनंच चांगला टिपवाला ओळखायची एक रीत निघते, त्यानं दिलेला भाव आणि मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव शेजारी लिहायचे. ह्याचा सतत शेवटच्यापेक्षा चढा असंल तर त्याला खरंच कायतरी आधी कळतंय. निकालापेक्षा लवकर कळतंय हे, कारण निकालात नशीब फार.

नशीब किती म्हणशील तर नाणं उडवून वीस मॅच सांगितल्या तरी शंभरातल्या तेराजणांचे तेरा किंवा जास्त बरोबर येतात. त्या तेराजणांनी चॅनल काढला की झाले एक्स्पर्ट. "मागच्या आठवड्यात सगळं लागलं" ह्याला म्हणून मी कायच किंमत देत नाय. काहीशे टिपा तरी पाहिजेत, एकाच पद्धतीच्या.

जुने निकाल आणि भाव बघायचे असतील तर फुटबॉल-डेटा डॉट को डॉट यूके म्हणून साईट हाय, तिथं इंग्लंडचे १९९३-९४ पासूनचे निकाल एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या फाईलमध्ये फुकट मिळतात, अलीकडच्या सीझनला कंपन्यांचे भाव पण. कुठली बी "सिस्टीम" कुणी सांगितली की आधी त्यावर लावून बघायची. बहुतेक तिथंच मरतात.

निपाणीकर_१०:

सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून मी जरा दुसरं बोलतो. मी ह्या साईटी वाचतो, आवडीनं वाचतो. एक नवा पैसा लावत नाय. कोण जखमी, कोण सस्पेंड, कुठल्या कोचनं तीन सेंटर बॅक चालू केले, गेल्या पाच मॅचचं एक्सजी, हे एका पानावर मिळतंय की. मी फॅन्टसी प्रीमियर लीग खेळतो, लीगचाच अधिकृत गेम, फुकटचा, त्याला हे लै उपयोगी पडतंय. शेवटची ओळ, म्हणजे ती टिप, ती सोडायची आणि वरचं वाचायचं.

आणि सगळ्याच साईटी चोर नसतात मर्दा. काही जण मॉडेल बनवून नुसते टक्के देतात, होम ५१, ड्रॉ २६, अवे २३, असं. लिंक नाय, बँकर नाय, काय नाय. असल्यांचं वाचायला काय हरकत? ५१ म्हणजे जिंकणारच असं ते म्हणत नायत, निम्म्या वेळा नाय जिंकणार असंच म्हणतायत. आपल्या लोकांना टक्के दिले की आवडत नाय, "तू नाव सांग" म्हणतात, म्हणून बँकरवाल्यांची चलती.

खानापूरचा_आकडेवाला:

निपाणीकर, हे मान्य. तसली साईट असंल तर मी पण वाचतो. फक्त दुखापतीची बातमी कॉपी-पेस्ट करून दोन दिवस जुनी ठेवलेली असते पुष्कळ ठिकाणी. फायनल टीम मॅचच्या तासभर आधी क्लबच्याच पेजवर येते, तिथं बघायचं.

चोर्ला_पास:

अजून एक प्रकार सांगायचा राहिला, तो फुकटच्या साईटवरनंच पुढं सुरू होतोय. थोडे दिवस फुकट दिलं की "व्हीआयपी ग्रुप" येतोय, फिक्स मॅच, १०० टक्के, आधी पैसे टाका. आमच्या गल्लीतल्या एकाला तर सलग पाच टिपा बरोबर आलेल्या, तो म्हणे हे लोक नक्की आतले.

आतले बितले कोण नाय वो. ६४० जणांना मेसेज करायचा, निम्म्यांना ए टीम, निम्म्यांना बी टीम. ड्रॉ येणार नाय असलाच बाजार धरायचा, ओव्हर किंवा अंडर. ज्यांचं बरोबर आलं त्या ३२० ना दुसऱ्या दिवशी परत निम्मं-निम्मं. १६०, ८०, ४०, २०. पाचव्याला वीस जण उरतात, त्यांनी पाचही बरोबर आलेल्या बघितल्यात, ते देवघरात फोटो लावायच्या तयारीत असतात. बाकीचे ६२० एकमेकांना ओळखतच नायत, बोंबलणार कोण. मग वीसजणांकडं फी मागायची. आमचा हिरो त्या विसातला.

आणि खरोखर मॅच फिक्स असती तर ती माहिती हजार-पाचशे रुपयांत टेलिग्रामवर विकली असती काय? युरोपात खेळाडूंच्या बेटिंगवर लै बारीक नजर असते, इव्हान टोनीला २०२३ ला २३२ वेळा नियम मोडला म्हणून आठ महिने बसवलं, टोनालीला त्याच वर्षी दहा महिने. पकडतात ते.

(गोव्याला कॅसिनोत जाणारे आमच्याकडं पोत्यानं हायत, चोर्ल्यातनं दोन-तीन तासांत पोचतात. निदान तिथं समोर टेबल दिसतंय, देणारा-घेणारा माणूस दिसतोय. तरी सोमवारी त्यांची तोंडं बघवत नायत ते वेगळं.)

काउंटर_नंबर_चार:

मी बँकेत आहे, शहापूर भागात, त्यामुळे मला ह्याची दुसरी बाजू रोज दिसते, ती लिहिते.

पैसे भरायला ह्या बेटिंग साईट कंपनीचं खातं देत नाहीत. स्क्रीनवर यूपीआय आयडी येतो, तो कुठल्यातरी अनोळखी माणसाचा किंवा भाजीच्या, मोबाईलच्या दुकानाच्या नावाचा. दर थोड्या दिवसांनी बदलतो. ती भाड्यानं घेतलेली खाती असतात. आणि जिंकलेले पैसे परत येतात तेही तसल्याच खात्यातून. आता त्या खात्यात जर कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे आलेले असतील, आणि त्या माणसानं १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली, तर पोलीस पैसा जिथं जिथं गेला ती खाती गोठवायला सांगतात. तुमच्या खात्यात बाराशे आलेले असतात आणि पगाराची रक्कम अडकून बसते. मग पोरगा आईला घेऊन काउंटरला येतो, "मॅडम मी काय केलं नाही हो". पत्र आलेलं असतं तिसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्याचं. आम्ही इथं काही करू शकत नाही, तिकडं कळवून ना हरकत आणावी लागते, हेलपाटे. एवढं टिप्सच्या साईटवर कोण लिहीत नाही.

कायद्याचं विचारलंय. कर्नाटकानं २०२१ ला पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ऑनलाईन पैशाच्या खेळांवर बंदी आणलेली, ती हायकोर्टानं फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. त्याचा अर्थ पोरांनी "बेटिंगला परवानगी मिळाली" असा काढला, तो चुकीचा. तो निकाल मुख्यतः कौशल्याच्या खेळांबद्दल होता. मटका, ओसी (आकड्यांवरचा जुगार) आणि मॅचवर पैसे लावणं तेव्हाही जुगारातच धरलेलं. त्यानंतर ऑगस्ट २०२५ ला संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा केंद्राचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ बंद, कौशल्याचे असोत नाहीतर नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत, बँकांनी व्यवहार करायचे नाहीत. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हननं पैशाच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारताच्या जर्सीवरून नाव गेलं ते त्यामुळेच.

म्हणजे टिपच्या खाली जी लिंक आहे तीच अडचणीची आहे. तुमच्या कारखान्यातला कुणी ती लिंक कमिशनसाठी ग्रुपवर पुढं पाठवत असेल तर त्याला आधी थांबवा, तो नुसता खेळणारा राहत नाही.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नये, लगेच १९३० ला फोन किंवा बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात जावं. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येतात, आठवड्यानं आलात तर अवघड.

लेलेग्राउंड_जुना:

ताई, हे तुम्ही वेगळं पोस्ट करून वर लावा, खरंच. आमच्या वेळेला ओसीची चिठ्ठी पानपट्टीत मिळायची, निदान पानपट्टीवाला पळून कुठं जाणार होता.

आणि हे बघा, इंग्लंडात सुद्धा, जिथं बेटिंग कायदेशीर हाय, तिथल्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ ला ठरवलं की २०२५-२६ सीझन संपला की शर्टाच्या पुढच्या बाजूला बेटिंग कंपनीचं नाव नको. बाहीवर चालतंय म्हणे! साहेब तो साहेबच.

उद्यमबाग_लेफ्टबॅक:

सगळ्यांचे आभार. काउंटर मॅडम, यूपीआयचं तुम्ही सांगितलं तसंच हाय, त्या पोराच्या फोनमध्ये बघितलं तर कुठल्यातरी "ट्रेडर्स"च्या नावावर पैसे गेलेत, रक्कम बारकी हाय. खात्याचं सांगितल्यावर मात्र त्याचं हसू गेलं, पगार त्याच खात्यात येतोय.

दुसरा अजून ऐकत नाय. त्याच्याशी ठरलंय की पैसे न लावता वहीत लिहायचं. साईटच्या सगळ्या टिपा, मॅचच्या आधी, त्या वेळचा भाव, निकाल. वही माझ्याकडं राहणार, टूलरूमच्या कपाटात. तो म्हणतोय सीझन संपेपर्यंत बघू, साईट जिंकली तर मी बिर्याणी द्यायची, हरली तर त्यानं.

आकडेवाले दादा, एक विचारायचं राहिलं. त्या साईटवर बऱ्याच टिपा "ड्रॉ नो बेट" अशा असतात. ड्रॉ झाली की ते हिरवी टिक मारतात. वहीत काय धरू?

खानापूरचा_आकडेवाला:

ड्रॉ झाली की पैसे परत, म्हणजे फायद्याच्या रकान्यात शून्य. जिंकलेल्यात मोजायची नाय, हरलेल्यात बी नाय. आणि साईटच्या टक्क्यातनं पण त्या सगळ्या बाहेर काढ, ८२ चे किती उरतात ते हितं टाक, मला बघायचंय.